शाळा मुलाचं काय देणं लागते?

जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणाऱ्या दिव्यांग मुलाच्या घरी कागदांचा एक जुडगा असतो. जिल्हा रुग्णालयाचं प्रमाणपत्र, दिव्यांगांचं यूडीआयडी ओळखपत्र, आधार, बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स, कधीच्या तरी तपासणी शिबिरातली चिठ्ठी. हे सगळे कागद मुलाबद्दल बोलतात. अपंगत्व कोणत्या प्रकारचं, किती टक्के, कायमचं की तात्पुरतं. त्या मुलाला शाळेत काय मिळणार आहे, ते कोण देणार, आठवड्यातून किती वेळा देणार आणि दिलं नाही तर आईबापांनी कुणाचं दार ठोठावायचं, हे सांगणारा कागद मात्र त्या जुडग्यात नसतो. सरकारी शाळांमधल्या समावेशित शिक्षणाच्या बहुतेक तक्रारी खणत गेलं तर याच उणिवेपाशी येऊन थांबतात, असं माझं मत आहे.

कायदे कमी आहेत म्हणून हे झालं, असं म्हणायची सोय नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचं २४वं कलम शिक्षकाची कर्तव्यं सांगतं. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे त्याला जादा शिकवणं आणि पालकांना वेळोवेळी भेटून मुलाची प्रगती सांगणं ही दोन्ही कामं त्यात आहेत. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ ला अमलात आला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, ते एकवीस झाले. किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वयाच्या मुलांना घराजवळच्या शाळेत किंवा त्यांनी निवडलेल्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. याच कायद्याच्या १६व्या कलमाने प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा सहभाग आणि प्रगती यांवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर टाकली. जिल्ह्यातल्या एकूण मुलांची आकडेवारी पाठवली की हे कलम पाळलं गेलं असं होत नाही, कारण ते एकेका मुलाचा हिशोब मागतं.

आपली यंत्रणा नेमकी आकडेवारीवर धन्य होते. शाळांची माहिती भरायच्या यू-डायसच्या रकान्यात मूल ‘सीडब्ल्यूएसएन’, म्हणजे विशेष गरजा असलेलं मूल, म्हणून चढतं. तालुक्याच्या ठिकाणी शिबिर भरतं, मोजमापं घेतली जातात, काही महिन्यांनी साहित्यवाटपाचा कार्यक्रम होतो आणि तीनचाकी सायकलींबरोबर पाहुण्यांचे फोटो निघतात. समग्र शिक्षा अभियानात अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे, मुलींना महिन्याला २०० रुपयांचा भत्ता आहे. प्रवास भत्ता आणि मदतनीस भत्ताही आहेत. यातलं काहीही वाईट नाही. पण जे वाटता येतं तेच द्यायची यंत्रणेला सवय लागली आणि शिकवणं काही वाटता येत नाही.

कर्णबधिर मुलाचं उदाहरण घेऊ. शिबिरात त्याला श्रवणयंत्र मिळतं. कानात बसणारा त्याचा साचा कानाच्या मापाचा असतो आणि वाढत्या मुलाचा कान वाढत राहतो. साचा सैल झाला की यंत्र शिट्टी मारायला लागतं, वर्गातली पोरं हसतात आणि मूल ते काढून दप्तरात टाकतं. बॅटरी संपली तरी तेच. यंत्र चालू असलं तरी पत्र्याच्या छपराखाली, दोन इयत्ता एका खोलीत बसवलेल्या वर्गात ते गुरुजींचा आवाज जितका वाढवतं तितकाच बाकांचा खडखडाटही वाढवतं. गुरुजी फळ्याकडे तोंड करून बोलायला लागले की ओठ वाचायची वाटही बंद. या मुलाला जे हवं आहे त्याची यादी अगदी छोटी आहे. पुढची जागा, त्याच्याकडे तोंड करून बोलणं, नवा शब्द आधी फळ्यावर लिहिणं, वर्षातून एक-दोनदा नवा साचा आणि बॅटरीची सोय. पहिल्या तीन गोष्टींना एक पैसाही लागत नाही. तरीही त्या नियमाने घडत नाहीत, कारण त्या करणं हे आपलं काम आहे असं कुणाच्याच नावापुढे लिहिलेलं नाही.

गडचिरोली किंवा नंदुरबारच्या आश्रमशाळेतलं सिकलसेल असलेलं मूल हे त्याहूनही साधं उदाहरण. सिकलसेल आजार आता त्या एकवीस प्रकारांत आहे. या मुलाला ब्रेल नको, उतारही नको. त्याला भरपूर पाणी प्यायला मिळालं पाहिजे, थंडीत अंगावर ऊब हवी, भर उन्हात कवायतीला उभं करायचं नाही, अंग दुखायला लागलं की कामचुकारपणा न समजता झोपू द्यायचं, ताप आला की घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखान्यात न्यायचं आणि बुडालेले धडे परत घ्यायचे. हे कुणाही शिक्षकाला जमण्यासारखं आहे. अडचण माहितीची असते, आणि ती माहिती एखाद्या चांगल्या बाईंच्या डोक्यात असते. बाईंची बदली झाली की ती त्यांच्याबरोबर दुसऱ्या तालुक्यात जाते. नव्या सरांना मूल आळशी वाटतं. जिल्हा परिषदेच्या आणि आश्रमशाळांच्या व्यवस्थेत बदली अटळच आहे. अशा व्यवस्थेत मुलाविषयीचं शहाणपण कुणा एकाच्या चांगुलपणावर सोडणं म्हणजे दर काही वर्षांनी ते पुसून टाकणं.

आता प्रमाणपत्राकडे वळू, कारण सगळी मदत त्याच्या खुंटीला टांगलेली आहे. कायद्याचे बरेचसे ठोस लाभ ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांना मिळतात. नोकरीतलं आरक्षण किंवा निवृत्तिवेतन देताना कुठेतरी रेघ ओढावी लागते, हे समजतं. पण वर्गातल्या मदतीसाठी हीच रेघ कशाला? डॉक्टर शरीराची हानी मोजतात. भागाकार शिकवताना काय करायचं हे त्या टक्क्यांतून कळत नाही आणि ते सांगणं हे डॉक्टरांचं कामही नाही. ३५ टक्के आणि ४५ टक्के असलेल्या दोन मुलांना वर्गात लागणारी मदत सारखीच असू शकते, कधी उलटीही असू शकते. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ ला विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात हे स्वच्छ सांगितलं. लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला लेखनिक हवा होता आणि त्याचं अपंगत्व ४० टक्क्यांच्या चौकटीत बसत नाही म्हणून तो नाकारला गेला होता. वाजवी सोय मिळण्याचा हक्क त्या चौकटीपुरता नाही, असं न्यायालय म्हणालं. दिल्लीतला हा निकाल केंद्रशाळेपर्यंत पोचायला किती वर्षं लागतील कोण जाणे.

अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत तर आपण फार वेगळ्याच गोष्टीवर समाधान मानलं. डिस्लेक्सिया असलेल्या विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत सवलती देण्यात महाराष्ट्र देशात पुढे होता. १९९०च्या दशकातच हे सुरू झालं आणि त्याचा अभिमान वाटायला हरकत नाही. जादा वेळ, लेखनिक, गणकयंत्र, एखाद्या विषयाला पर्याय. पण ही सगळी मदत परीक्षेच्या दालनातली आहे. तिसरीत ज्याला जोडाक्षर फुटत नव्हतं त्याला दहावीच्या मार्च महिन्यात तासाला काही मिनिटं जास्त मिळाली, तर मधली सात वर्षं त्याने वर्गात काय केलं? शिवाय हे प्रमाणपत्र मिळवायला शहरातलं मोठं रुग्णालय गाठावं लागतं. शीवच्या पालिका रुग्णालयासारखी सोय मुंबईत आहे म्हणून मुंबईकराला ते जमतं. हिंगोलीच्या मुलाला डिस्लेक्सिया होत नाही असं नाही, त्याला ‘ढ’ म्हणतात एवढंच. मराठीतून शिकणाऱ्या मुलांची तपासणी करणारी साधनंच नाहीत ही सबबही आता चालणार नाही. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही आहे.

मग विशेष शिक्षकाचं काय? सर्व शिक्षा अभियानापासून हा माणूस आपल्या शाळांच्या अवतीभवती आहे आणि बराच काळ तो कंत्राटावर राहिला. रजनीश कुमार पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सर्वसाधारण शाळांसाठी विशेष शिक्षकांची पदं ठरवून भरायला सांगितलं. त्यानंतर २०२२ मध्ये केंद्र सरकारने प्राथमिक स्तरावर अशा १० मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर १५ मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण अधिसूचित केलं. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला त्याच प्रकरणात राज्यांना पुन्हा बजावावं लागलं. महाराष्ट्राने २०२४ मध्ये प्रत्येक केंद्रामागे, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या समूहामागे, एक या हिशोबाने ४,८६० पदं निर्माण करायचं आणि जुन्या कंत्राटी लोकांना त्यांत सामावून घ्यायचं ठरवलं. ज्यांनी उमेदीची वर्षं तुटपुंज्या मानधनावर काढली त्यांच्यासाठी हा निर्णय मोठा आहे.

पण हिशोब करून पाहा. राज्यात सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळा ६५ हजारांच्या घरात आहेत. म्हणजे एका विशेष शिक्षकाच्या वाट्याला सरासरी तेरा शाळा. रोज एक शाळा धरली तर त्याच शाळेत परत यायला दोन आठवड्यांहून अधिक दिवस जातात. डोंगरी तालुक्यात, पावसाळ्यात, बैठका आणि अहवाल यांतून वेळ उरला तर. त्यात या शिक्षकाचं प्रशिक्षण बहुधा एकाच प्रकारात झालेलं असतं, कारण भारतीय पुनर्वास परिषदेचे अभ्यासक्रम कर्णबधिर, अंध, बौद्धिक अक्षम अशा कप्प्यांनी रचलेले आहेत. केंद्रात मात्र सगळ्या प्रकारची मुलं असतात. अंध मुलांना शिकवायला शिकलेला माणूस स्वमग्न मुलासमोर जाऊन बसतो. पंधरवड्याने तासभर येणाऱ्या पाहुण्याकडून शिकवण्याची अपेक्षाच चुकीची आहे. खरं शिकवणं रोजच्या वर्गशिक्षकालाच करावं लागेल, पाहुण्याने त्याला वाट दाखवायची. आज नेमकं उलटं झालं आहे. ‘ते मूल विशेष शिक्षकाचं’ असं म्हणून वर्गशिक्षक मोकळा होतो आणि विशेष शिक्षकाला इतक्या शाळा हिंडाव्या लागतात की मूल कुणाचंच राहत नाही.

म्हणून मला एक कागद हवा आहे. प्रत्येक मुलासाठी, जूनमध्ये, मराठीत, एका पानाचा. मूल आज काय करू शकतं, वर्षअखेरीस काय यायला हवं, त्यासाठी वर्गशिक्षक काय करणार, विशेष शिक्षक कधी येणार, थेरपी किंवा साहित्य कुठून आणि केव्हा मिळणार, दिवाळीनंतर कोणत्या तारखेला परत बसायचं. खाली मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि पालक यांच्या सह्या, एक प्रत पालकाच्या हातात. वैयक्तिक आराखडा ही कल्पना नवी नाही हे मी जाणतो. विशेष शिक्षकांच्या फायलींत असे आराखडे असतात. पण फाईल गटसाधन केंद्रात असते आणि तिच्यात लिहिलेलं घडलं नाही म्हणून कुणाला जाब विचारता येत नाही. तपासणीसाठी ठेवलेल्या आराखड्याने पालकाच्या हाती काहीच पडत नाही.

अशा कागदाचं एक जुनं आणि मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथे १९७५ पूर्वी दहा लाखांवर दिव्यांग मुलं सार्वजनिक शाळांबाहेर ठेवली गेली होती. पेनसिल्व्हेनिया आणि वॉशिंग्टन इथल्या दोन खटल्यांनी दार किलकिलं झालं आणि १९७५ च्या नोव्हेंबरात अध्यक्ष फोर्ड यांनी या मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यावर सही केली. प्रत्येक मुलासाठी लेखी वैयक्तिक कार्यक्रम, त्यात सेवा कोणती, किती वेळ, कुठे याची नोंद, वर्षातून एकदा तरी फेरविचार आणि पटलं नाही तर पालकांना दाद मागायची सोय. अमेरिकेत नोकरीसाठी गेलेले, स्वमग्न मूल असलेले मराठी आईबाप परत यायचा विचार करताना अडखळतात तेव्हा डॉलरबरोबर शाळेतल्या या बैठकीचाही विचार त्यांच्या मनात असतो.

या व्यवस्थेची आरती ओवाळायचं मात्र कारण नाही. दिव्यांग मुलांच्या शिक्षणावर होणाऱ्या जादा खर्चातला केंद्राचा वाटा ४० टक्क्यांपर्यंत नेऊ असं तिथल्या संसदेने म्हटलं होतं, ती पातळी आजवर कधीच गाठली गेली नाही. शिक्षक कागदपत्रांखाली दबले आहेत. वकील परवडणाऱ्या पालकांच्या मुलांना जास्त मिळतं. टेक्सास राज्याने २००४ मध्ये विशेष शिक्षण घेणाऱ्या मुलांचं प्रमाण साडेआठ टक्क्यांवर जाऊ नये असं लक्ष्य शाळांपुढे ठेवलं आणि शाळा निमूटपणे मुलांना नाकारत गेल्या. ह्यूस्टन क्रॉनिकल या वृत्तपत्राने २०१६ मध्ये ते उघडकीला आणलं आणि २०१८ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने राज्याला दोषी ठरवलं. मला या प्रकरणात दोन्ही बाजू दिसतात. लेखी हक्क असूनही सरकार चोरवाट काढतंच. पण मूल शोधून काढण्याची जबाबदारी कायद्याने शाळेवर टाकलेली होती, म्हणून त्या चोरवाटेला बेकायदा म्हणता आलं. आपल्याकडे एखाद्या जिल्ह्यात अध्ययन अक्षम मुलांच्या रकान्यात वर्षानुवर्षं शून्य आलं तर त्याला काय म्हणायचं, हेच ठरलेलं नाही.

या कागदावर पहिला आक्षेप शिक्षकांचा येईल आणि तो रास्त आहे. मतदार याद्या, ॲप, ऑनलाइन माहिती, त्यात आणखी एक फॉर्म? माझं म्हणणं असं की मुलाविषयीच्या माहितीचे आज भरावे लागणारे चार वेगवेगळे रकाने बंद करा आणि हा एक कागद ठेवा. तो वरिष्ठांना पाठवायचाच नाही, शाळेत आणि घरात राहू द्यायचा. वर पाठवायचा कागद शोभेचा होतो. पालक जो वाचणार आहे तो खरा लिहावा लागतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आधी माणसं द्या, मग कागद मागा. मला हा क्रम उलटा वाटतो. आज विशेष शिक्षकांची पदं केंद्रागणिक ठरली, कारण गरज मोजायचं दुसरं मापच सरकारपाशी नव्हतं. सर्वसाधारण शिक्षकांची संच मान्यता, म्हणजे पदांची मंजुरी, पटसंख्येवर होते. विशेष शिक्षकांची ती आराखड्यांतल्या तासांवर व्हावी. एखाद्या केंद्रातल्या आराखड्यांमध्ये मिळून आठवड्याला साठ तासांची गरज लिहिली गेली आणि माणूस एकच असला, तर तो तुटवडा पहिल्यांदा आकड्यात दिसेल, तोही मुख्याध्यापकांच्या सह्यांनिशी. तोवर ‘शिक्षक अपुरे आहेत’ हे निवेदनातलं वाक्य राहणार. शिवाय माणसं वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेली आहेत. भौतिकोपचार तज्ज्ञ आरोग्य खात्याचे, विशेष शाळा २०२२ च्या डिसेंबरात झालेल्या दिव्यांग कल्याण विभागाच्या, जिल्हा परिषदेची शाळा शालेय शिक्षण विभागाची. एकाच मुलाचे असे तीन मालक आहेत आणि ते एकमेकांना भेटतील असं टेबल आज कुठेच नाही.

तिसरी शंका माझी स्वतःचीच आहे. ऊसतोडीला जाणारे, मजुरीवर पोट असणारे आईबाप या कागदावर निमूट अंगठा उठवतील. तसं होईलही. म्हणून तो वाचून दाखवायचा आणि बैठकीला पालकाने गावातलं कुणीही, अंगणवाडी सेविका, आशाताई, शाळा व्यवस्थापन समितीतला सदस्य, बरोबर आणावं अशी मुभा हवी. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. पहिल्या वर्षी दहातले दोनच पालक बोलतील. आज तेवढेही बोलत नाहीत, कारण बोलायला त्यांच्या हातात काही नाही.

समावेशाच्या अतिउत्साही पुरस्कर्त्यांशीही थोडं भांडायचं आहे. गावातल्या शाळेत एकच कर्णबधिर मूल, त्याच्याशी खुणांच्या भाषेत बोलणारं कुणी नाही, तरी ते पटावर आहे म्हणून आपण समाधानी. हे मूल एकटं आहे. चांगल्या विशेष शाळेत त्याला भाषा मिळाली असती आणि कायद्याने तो पर्याय त्याच्यासाठी उघडा ठेवला आहे. उलट टोकाला, २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र आणि बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय दिला, तो हळूहळू शाळेची सुटका करणारा पर्याय होऊ शकतो. मूल घरी, नाव पटावर, भेट अधूनमधून. दोन्हीकडे खरं काय चाललं आहे ते लेखी आराखड्याशिवाय बाहेर येत नाही. शाळेला जमणार नसेल तर ‘आमच्याकडे हे होणार नाही’ असंही तिला लिहून द्यावं लागेल. पालकाच्या दृष्टीने ते गोड नकारापेक्षा उपयोगाचं आहे.

यासाठी नवा कायदा लागत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २४व्या कलमात शिक्षकाचं कर्तव्य आहेच. ३२व्या कलमात तक्रारीची वाट आहे. स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार, तीन महिन्यांत निकाल, त्यावर राज्य बाल हक्क आयोगाकडे अपील. दिव्यांग आयुक्तांच्या शिफारशीवर काय केलं, किंवा ती का मानली नाही, हे तीन महिन्यांत कळवण्याचं बंधन २०१६ च्या कायद्यात आहे. दाद मागायची ठिकाणं आहेत, दाद मागायला आधार नाही. ‘माझ्या मुलाकडे लक्ष देत नाहीत’ या तक्रारीचा निकाल कुठलाच अधिकारी देऊ शकत नाही. ‘आराखड्यात आठवड्याला दोन तास लिहिलेत, जुलैपासून एकही झाला नाही’ याचा द्यावा लागतो. मधली कडी एका शासन निर्णयाने जोडता येते.

असा शासन निर्णय निघत का नाही, याचं उत्तर पैशापेक्षा वेगळ्या ठिकाणी आहे असं मला वाटतं. हा कागद प्रामाणिकपणे भरला गेला तर पहिल्या जूनमध्येच हजारो आराखड्यांत ‘कोण देणार’ हा रकाना कोरा राहील. वाचा-उपचार तज्ज्ञ: उपलब्ध नाही. ब्रेल शिकवणारे: उपलब्ध नाही. तालुक्याच्या आढावा बैठकीत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते आणि तोंडी बोललीही जाते. तीच सही-शिक्क्यासह पालकाच्या हाती देणं मात्र वेगळं. त्या कोऱ्या रकान्यावर पालक उद्या अपील करू शकतो.